छोट्या ट्रॅक्टरचं मागचं चाक सारखं ढिलं होतंय? पान्याआधी वायर ब्रश उचला

पेरणी तोंडावर आली की जुन्या मिनी ट्रॅक्टरवाल्यांची एक तक्रार हमखास कानावर येते. मागचं चाक हलतंय, कितीही आवळलं तरी चार दिवसांत पुन्हा ढिलं. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला: पान्याला लांब पाईप घाला, दोघं जण लटका आणि करकचून आवळा. हा सल्ला देणाऱ्याला आजवर किती स्टड, म्हणजे नट चढतो ते आट्यांचे दांडे, तोडले ते एकदा विचारून बघा.

मी लिहितोय ते 15 ते 20 एचपीच्या, दहा-बारा पावसाळे खाल्लेल्या ट्रॅक्टरांबद्दल. मित्सुबिशी शक्ती, युवराज, कॅप्टन किंवा त्याच मापाचं दुसरं काही. जालन्याकडं मोसंबीत आणि कडवंचीच्या द्राक्षांत फवारणीला, बाकी मराठवाड्यात कापसाच्या कोळपणीला आणि सोयाबीनच्या पेरणीला हेच फिरतात. मागं 18 इंची रिम, मध्ये लोखंडी डिस्क, डिस्क हबवर, म्हणजे अॅक्सलच्या टोकाच्या गोल तोंडावर, पाच-सहा नटांनी बसवलेली. या रचनेचा कुठलाही ट्रॅक्टर असला तरी पुढचं सगळं लागू पडतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा, कारण सगळं काम तिच्यावर उभं आहे. ट्रॅक्टरची ओढ स्टडवर नसते. नट आवळला की स्टड केसभर ताणला जातो आणि त्या ताणानं डिस्क हबवर दाबली जाते. दोन लोखंडी तोंडं एकमेकांवर घट्ट दाबलेली असतात, त्यांच्या घर्षणावर चाक फिरतं. मध्ये माती, गंज किंवा रंगाचा थर राहिला, तर आवळताना नट कडक लागतो खरा, पण रोटाव्हेटरच्या दणक्यांनी तो थर चुरडतो. कागदाएवढी जागा मोकळी झाली तरी स्टडचा ताण गेला. मग डिस्क हबवर सरकायला लागते, प्रत्येक वेळी गिअर पुढं-मागं टाकला की स्टडला आडवा ठोसा बसतो, भोकं लांबट होतात आणि एके दिवशी भर रस्त्यात स्टड तुटतात. म्हणून सगळा जोर आवळण्यावर लावून उपयोग नाही. डिस्क बसते ती जागा नीट केल्याशिवाय हा आजार जात नाही.

आपल्याकडं हा त्रास जास्त का, त्यालाही कारण आहे. कापसाच्या सरीत एक पाटा, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर, बागेत दुसरा. अंतर बदलायला दर हंगामात चाकं काढायची, डिस्क उलटी करायची, पुन्हा चढवायची. हे काम बहुतेक वेळा शेतातच, काळ्या मातीत उभ्या उभ्या उरकलं जातं. ती माती ओली असताना लोण्यासारखी डिस्कच्या मागं बसते आणि वाळली की कडक होते. कुणी ती खरवडून काढत नाही.

नेमकं काय हलतंय ते आधी शोधा

चाक हलतंय म्हणजे नटच ढिले असं नाही. हलण्याच्या तीन जागा असतात आणि तिघींचा इलाज वेगळा.

हब ते डिस्क ते रिम अशी खडूची एक सरळ, ठळक रेघ ओढा. नटांवरूनही रेघ जाऊ द्या. मग कुणाला तरी ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये हळूहळू दोन-चार वेळा पुढं-मागं करायला सांगा आणि तुम्ही बाजूला उभं राहून बघा. हब आणि डिस्कमध्ये रेघ तुटली तर नट, स्टड किंवा बसायची जागा. डिस्क आणि रिममध्ये तुटली तर रिमचे बोल्ट. रेघ कुठंच तुटली नाही आणि चाक तरीही डुलतंय, तर बेअरिंग किंवा वाकलेली रिम.

बेअरिंगची खात्री चाक उचलल्यावर होते. टायर वरून-खालून धरून हलवा. हबसकट सगळं हललं, किंवा अॅक्सलच्या सीलमधून तेल पाझरून ब्रेकच्या बाजूनं काळा चिकटा जमलेला दिसला, तर पुढचं वाचू नका. ते काम अॅक्सल खोलणाऱ्या मिस्त्रीचं. वाकलेली रिम ओळखायला टायरशेजारी एक वीट उभी करा आणि चाक हातानं फिरवा, विटेपासूनचं अंतर कमी-जास्त होताना दिसेल. काही जुन्या मॉडेलांत हबच अॅक्सलच्या खाचांवर वेगळा बसवलेला असतो आणि मध्ये मोठा नट किंवा क्लँपचे बोल्ट असतात. तसं असेल तर तीही जागा खडूच्या रेघेखाली घ्या.

नट ढिला आहे का ते बघायला पानाही लागत नाही. हलक्या हातोडीनं प्रत्येक नटावर एक टिचकी मारा. घट्ट नट टण्ण वाजतो, ढिला नट थप्प करतो. आणि नटाखालून तांबूस गंजाची बारीक शेपटी निघालेली दिसली, तर तिथं लोखंडावर लोखंड घासतंय. ती गंजाची भुकटी घासण्यातूनच पडते. असा नट पान्यानं हलत नसला तरी तो घट्ट आहे असं समजू नका, कारण गंजानं जखडलेला नट आणि ताण धरलेला नट यांत फार फरक आहे.

उचलताना

पान्यानं नट अर्धा आटा सैल करा, तेही चाक जमिनीवर असतानाच. मग जॅक.

इथं दोनच गोष्टी सांगतो, कारण त्या न पाळल्यानं माणसं दबलीत. पहिली: गिअरमध्ये ठेवलाय म्हणजे ट्रॅक्टर जागचा हलणार नाही, हा भ्रम आहे. एक मागचं चाक हवेत गेलं की दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या डिफरन्शिअलमुळं ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक खुशाल घरंगळतं. पुढच्या टायरना व जमिनीवरच्या मागच्या टायरला दोन्ही बाजूंनी दगड नाहीतर लाकडाची पाचर हवीच. दुसरी: पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर डुलतो. मागून एक बाजू उचलली की सगळा ट्रॅक्टर त्या पिनवर आडवा कलंडू शकतो. पुढच्या अॅक्सल आणि चेसिसच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोका, मगच जॅकला हात लावा.

बाकी नेहमीचंच. काळ्या रानात जॅक रुततो, म्हणून खाली जाड फळी. अॅक्सल हाऊसिंगखाली घोडी किंवा आडव्या-उभ्या रचलेल्या लाकडी ओंडक्यांची चळत, विटा कधीच नाहीत, वीट न सांगता फुटते. मागं रोटा जोडलेला असेल तर सोडवा. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर चाक एकट्यानं पेलायच्या भानगडीत पडू नका. व्हॉल्व्ह खाली घेऊन पाणी काढा नाहीतर दोन माणसं बोलवा.

चाक काढताना डिस्कची कोणती बाजू आत होती ते खडूनं लिहून ठेवा. एवढंच.

बसायची जागा

आता खरं काम. इथं बहुतेक जण दोन मिनिटं फडकं मारतात आणि चाक परत चढवतात. मलाही या टप्प्यानं बराच काळ छळलं, कारण डोळ्याला सगळं स्वच्छ दिसतं आणि तरी चाक ढिलं होत राहतं.

सुरुवात हबच्या तोंडापासून करा. वायर ब्रश मारा, मग जुन्या हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घेऊन प्रत्येक स्टडच्या बुडाशी साचलेली माती व गंज खरवडा. ब्रश तिथं पोचतच नाही. हबच्या मध्यभागी जी उंच कडा असते, जिच्यावर डिस्कचं मोठं भोक बसतं, तिच्या कोपऱ्यात गंजाची गोल रिंग तयार झालेली असते. तीच डिस्कला आत जाऊ देत नाही. मग 80 नंबरचा पॉलिश पेपर मारून लोखंड उघडं पडेपर्यंत घासा. डिस्कची आतली बाजूही तशीच.

उघडं लोखंड म्हणजे खरंच उघडं. जुना ट्रॅक्टर विकायला काढताना लोक स्प्रेनं चकाचक रंगवून देतात आणि रंग हबच्या तोंडावर, डिस्कच्या मागं, स्टडच्या आट्यांत सगळीकडं बसतो. रंग मऊ असतो, दाबाखाली पसरतो. सेकंडहँड घेतलेल्या ट्रॅक्टरचं चाक पहिल्याच हंगामात ढिलं होत असेल तर आधी रंगाकडं बोट दाखवा. गंज धरू नये म्हणून तिथं ग्रीस लावायचा सल्लाही मिळेल. ज्या दोन तोंडांच्या घर्षणावर चाक चालायचं, त्यांच्यात ग्रीस? लावू नका. फार तर मधल्या उंच कडेवर बोटभर फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी चाक निघताना जखडणार नाही.

स्वच्छ झाल्यावर डिस्कच्या भोकांभोवती बोट फिरवा. बोटाला बारीक कड लागेल. ढिल्या चाकानं आदळून आदळून भोकांच्या कडा बाहेर उमललेल्या असतात. पाटाखाली तांदळाचे चार दाणे पडले की पाट कसा डुगडुगतो, तशी ही डिस्क त्या कडांवर डुगडुगते. सपाट कानस आडवी धरून त्या कडा खाली घ्या. कानस फक्त उंचवट्यावर चालवा, आख्खं तोंड घासत बसू नका. मग स्टीलची पट्टी डिस्कवर उभी धरून पलीकडून उजेड बघा. भोकांभोवतीचा भाग बशीसारखा आत दबलेला दिसला तर ती डिस्क संपली.

आता जुळणी तपासायची. ही पायरी मला कुणी शिकवली नाही आणि अजूनही गॅरेजात कुणी करताना दिसत नाही. हबच्या सगळ्या तोंडावर कोरडा खडू घासा. डिस्क नटांशिवाय स्टडवर चढवा, दोन्ही हातांनी दाबून थोडी डावी-उजवी फिरवा आणि काढा. डिस्कवर खडू गोल, सगळीकडून सारखा उमटला तर काम झालं. एकाच बाजूला उमटला, तर समोरच्या बाजूला डिस्क टेकतच नाही आणि तिथला नट तुम्ही कितीही आवळा, तो नुसती डिस्क वाकवतोय. जिथं खडू दाट उमटला तिथं पुन्हा ब्लेड आणि कानस चालवा. हे तीन-चार वेळा करावं लागतं. कंटाळा येतो, पण याच कंटाळ्यामुळं लोकांची चाकं ढिली राहतात. तपासून झालं की खडू पुसायला विसरू नका.

मग भोकांचा उतार. बहुतेक डिस्कना भोकाच्या तोंडाशी शंकूसारखा उतार असतो आणि नटाचं एक तोंडही तसंच निमुळतं असतं. निमुळतं तोंड डिस्ककडं जातं. हे सांगायची गरज पडू नये, पण नट उलटे लावलेली चाकं मी इतकी बघितलीत की सांगतोय. सपाट बाजू आत गेली की नट भोकाच्या कडेवर नुसता टेकतो, डिस्क मध्यावर येत नाही आणि उतार चेचून जातो. काही ट्रॅक्टरांत नट सपाटच असतो आणि खाली वेगळा कटोरीसारखा वायसर असतो. तो वायसर हरवला म्हणून साधा सपाट वायसर टाकू नका, आणि उताराच्या नटाखाली स्प्रिंग वायसर तर मुळीच नको. उताराला उतारच भेटला पाहिजे, मध्ये तिसरं काही नको.

नवा नट घ्या, डिस्क जमिनीवर आडवी टाका आणि प्रत्येक भोकात नटाचं निमुळतं तोंड हातानं बसवून बघा. चारी बाजूंनी नीट बसलं तर भोक चांगलं. एका बाजूला नखाची कड शिरेल एवढी फट दिसली तर भोक लांबट झालंय. जुन्या नटाचा उतारही बघा. गोल, पूर्ण चकाकती रिंग दिसली तर तो नीट बसत होता. अर्धीच, चंद्रकोरीसारखी चमक दिसली तर तो एका अंगावर टेकून होता. असे नट फेकून द्या.

लांबट भोकांवर गावात तीन उपाय चालतात. भोक वेल्डिंगनं भरून डोळ्याच्या अंदाजानं पुन्हा पाडणं. भोकावर जाड वायसर वेल्ड करणं. आणि नट आवळून थेट डिस्कलाच वेल्ड मारणं. तिसरा उपाय करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, पंक्चर झाल्यावर गॅस कटर घेऊन बसलेला तो आपोआप भेटतो. पहिला उपाय म्हणजे पाचही भोकं आपापल्या जागेवरून एकेक मिलिमीटर सरकलेली. अशी डिस्क सगळ्या नटांना कधीच एकदम टेकत नाही, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं तोंड वाकडं होतं ते वेगळंच. दुसरा उपाय त्यातल्या त्यात बरा, पण कधी? उतार असलेली स्टीलची रिंग लेथवर बनवून, आख्खी डिस्क मशीनवर धरून, भोकांच्या वर्तुळाचं माप जुळवून ती बसवली तर. छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाण्याकडं असं काम करणारे टर्नर आहेत. गावच्या वेल्डरकडून ही अपेक्षा ठेवणं त्याच्यावरही अन्याय.

माझं मत विचाराल तर लांबट भोकांची डिस्क बदला. नवी महाग वाटत असेल तर त्याच मॉडेलची जुनी बघा, तालुक्याच्या भंगार बाजारात तुटक्या ट्रॅक्टरांच्या डिस्क मिळतात. फक्त घ्यायच्या आधी चीर तपासा. भोकांभोवती डिझेल लावा, थोडा वेळ मुरू द्या, फडक्यानं कोरडं पुसून वरून खडू घासा. चीर असेल तर आत मुरलेलं डिझेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. भोकापासून निघालेली अशी रेघ दिसली की डिस्क तिथंच ठेवून या, दुकानदार काहीही सांगो.

स्टड

स्टडची परीक्षा नव्या नटानं. आटे वायर ब्रशनं साफ करा आणि नट बोटांनी बुडापर्यंत फिरवत न्या. सुरुवातीला सरसर गेला आणि मध्येच अडकला, तर आटे ताणले गेलेत, स्टड लांबलाय. पान्यानं पुढं रेटू नका, बदला.

एक स्टड तुटला असेल तर सगळे बदला. पैसे वाचवायला लोक एकच टाकतात. पण एक तुटला तेव्हा त्याचा भार शेजारच्यांनी ओढला होता, ते दमलेले आहेत. नवे घेताना ग्रेड, म्हणजे पोलादाच्या ताकदीचा दर्जा, बघून घ्या. बोल्ट असेल तर डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा ठोकलेला असतो. जुन्यावर जो असेल तोच, त्याच्या खालचा नाही. हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारा, डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट पत्र्याच्या शेडला ठीक. आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, जुळतोय का ते जुना नट नेऊन तिथंच फिरवून बघा. 14 मिलिमीटरचा स्टड 1.5 मिलिमीटर पिचचाही असतो आणि 2 चाही. दोन-तीन आटे जबरदस्तीनं जातात आणि मग मरतात.

मागून दाबून बसवायचा स्टड हातोडीनं ठोकू नका, त्या ठोशांचा मार बेअरिंगवर जातो. समोरून तीन-चार वायसर आणि जुना नट लावून पान्यानं ओढून घ्या, सरळ येतो. आत तुटून राहिलेला, आट्यांचा स्टड काढायला त्याच्या तुकड्यावर नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड मारा, गार होऊ द्या आणि पान्यानं फिरवा. उष्णतेनं गंज सुटतो, बहुतेक वेळा येतो. त्याआधी बॅटरीची वायर काढा आणि वेल्ड थोडक्यात आटपा, मागं तेलाचं सील आहे.

चढवणं आणि आवळणं

डिस्क स्टडवर चढवा, नट बोटांनी लावा, हवेत असतानाच पान्यानं हलके टेकवा. मग जॅक खाली, चाक जमिनीवर, आणि आता आवळा. समोरासमोर, आडवेतिडवे, गोल गोल ओळीनं कधीच नाही. एका दमात पूर्ण नाही, तीन फेऱ्यांत.

आटे कोरडे व स्वच्छ हवेत. तेल किंवा ग्रीस लावलेल्या आट्यांवर तेवढ्याच जोरात नट जास्त पुढं जातो आणि स्टड गरजेपेक्षा जास्त ताणतो. मॅन्युअलमधले आकडे सहसा कोरड्या आट्यांचे असतात.

किती आवळायचं हा प्रश्न अंदाजावर सोडू नका. मॅन्युअल असेल तर त्यातला आकडा अंतिम. नसेल तर 8.8 ग्रेडला साधारण असं धरा: 12 मिलिमीटरच्या स्टडला 8 किलो-मीटर (म्हणजे नटापासून एक मीटरवर 8 किलोची ओढ), 14 ला 13 ते 14, 16 ला 20 च्या आसपास. एक किलो-मीटर म्हणजे साधारण 9.8 न्यूटन-मीटर, त्यामुळं मॅन्युअलमध्ये 130 न्यूटन-मीटर लिहिलं असेल तर ते 13 किलो-मीटरच झालं.

हा आवळण्याचा जोर मोजणारा टॉर्कचा पाना घरोघरी नसतो, पण कापूस मोजायचा स्प्रिंगचा काटा असतो. पान्यावर पाईप घाला आणि नटाच्या मध्यापासून बरोबर एक मीटरवर पाईपला खूण करा. पाना असा लावा की पाईप नटापासून सरळ वर उभा राहील. खुणेवर दोरी बांधून काट्याचा हूक अडकवा आणि काटा आडवा, पाईपला काटकोनात ओढा. काट्यावर 13 किलो दिसले की नटावर 13 किलो-मीटर लागलं. पाईप आडवा ठेवून खाली ओढलंत तर पाईपचं आणि हाताचं वजनही त्यात मिसळतं, म्हणून उभाच. ओढ हळूहळू वाढवा, हिसका दिला की काटा उडी मारतो आणि आकडा खोटा येतो. पहिली फेरी निम्म्यावर, दुसरी पाऊणवर, तिसरी पूर्ण. काटा नीट दाखवतोय का ते पाच किलोचं वजन लटकवून आधी बघा, बाजारातले काटे कापूस घेणाऱ्याच्या बाजूनं जरा झुकलेले असतात.

पूर्ण झाल्यावर प्रत्येक नटावरून डिस्कवर ऑइल पेंटची एक बारीक रेघ ओढा. पुढं नुसत्या नजरेनं कळतं.

नटावर चिकटवायचा लाल-निळा द्रव, डबल नट, नटातून खिळा, यांतलं काहीही करायची गरज पडत नाही. पडत असेल तर मागचा टप्पा नीट झालेला नाही.

पुन्हा आवळणं

नवीन घासलेली तोंडं पहिल्या कामात थोडी बसतात, त्यामुळं नट किंचित सैल होणारच. हे धरूनच चाला. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या कामानंतर काटा लावून पुन्हा त्याच आकड्यावर आणा. मग त्याच दिवशी संध्याकाळी. मग दहा तासांनी. त्यापुढं पन्नास तासांनी ग्रीसिंग करता तेव्हा नुसती रेघ बघा.

पहिल्या वेळी नट थोडा फिरेल. दुसऱ्या वेळी नावाला. तिसऱ्या वेळीही पाव आट्याएवढा फिरत असेल, तर आवळणं थांबवा आणि चाक परत उतरवा. आत कुठंतरी माती, रंग किंवा उमललेली कड राहिलीय, ती खडूनंच सापडेल.

रिमचे बोल्ट

डिस्क आणि रिममधले बोल्ट लोक विसरतात. चाकाचा पाटा बदलताना ते उघडले जातात आणि मग वर्षभर त्यांच्याकडं कुणी बघत नाही. तिथंही तेच: माती खरवडा, रिमचे कान (बोल्ट लावायच्या पट्ट्या) नीट बसलेत का बघा, समोरासमोर आवळा. बोल्टचा चौकोनी गळा त्याच्या चौकोनी भोकात नीट बसलेला नसेल तर आवळताना तो गोल फिरतो आणि भोक खातो.

पाटा रुंद करायला हब आणि डिस्कच्या मध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकून देणारेही भेटतील. जुन्या छोट्या ट्रॅक्टरला ते नको. चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर आणि स्टडवर मार जास्त, आणि आवळायची तोंडंही एकाऐवजी दोन झाली. डिस्क उलटी करून किंवा रिमचे कान पलीकडून लावून जेवढा पाटा मिळतो तेवढ्यात भागवा. त्यासाठी चाक डावीकडचं उजवीकडं न्यावं लागलं, तर टायरवरचा बाण ट्रॅक्टर पुढं जाताना चाक फिरतं त्याच दिशेला राहिला पाहिजे. उलटा टायर चिखलात ओढ धरत नाही.

आणि एका बाजूचं चाक ढिलं निघालं असेल तर दुसरं हलत नसलं तरी उघडाच. दोन्ही एकाच दिवशी, एकाच चिखलात, त्याच माणसानं चढवलेली असतात.